लॉस एंजेलिसजवळच्या प्यूमांचे संरक्षण कसे करता येईल?

सांता मोनिका डोंगरांतील प्यूमांच्या (म्हणजे माउंटन लायनच्या) शिकारीवर कॅलिफोर्नियात १९९० पासूनच बंदी आहे. खरी अडचण महामार्गांची आहे. दहा पदरी १०१ क्रमांकाच्या रस्त्याने त्यांचे जंगल उत्तरेकडील डोंगरांपासून तोडल्यामुळे जवळच्या नात्यांतच पैदास होते आणि काहींच्या शेपटीचे टोक वाकडे निघते. त्यामुळे अगौरा हिल्स येथे २०२२ मध्ये काम सुरू झालेला, याच रस्त्यावरून प्राण्यांना पलीकडे नेणारा, माती व झुडपांनी झाकायचा वन्यजीव-पूल मला सर्वांत महत्त्वाचा उपाय वाटतो. उंदीर मारण्याचे विषही भक्ष्यामार्फत त्यांच्या पोटात जाते. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधील पी-२२ या प्रसिद्ध प्यूमाला २०१४ मध्ये विषबाधेसह खरूज झाल्याचे आढळले होते. शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांनी मात्र रात्री जनावरे छप्पर असलेल्या बंदिस्त गोठ्यातच ठेवावीत, कारण नुसते कुंपण प्यूमा सहज ओलांडतो.