मुलीचे मार्क क्लासवाल्यांकडे कसे गेले? मे २०२७ ची वाट न बघता काय करता येईल

नाशिकहून एका ताईंनी विचारलंय. मुलगी आठवीत, शाळा खासगी विनाअनुदानित. हजेरी, होमवर्क, फी, बस कुठपर्यंत आली, सगळं शाळेने ठरवून दिलेल्या एका अ‍ॅपवर, आणि त्याचे वर्षाला ६०० रुपये फीसोबत वेगळे घेतात. दुसऱ्या सत्राचे मार्क अ‍ॅपवर पडले आणि चौथ्या दिवशी एका क्लासमधून फोन आला, पलीकडच्या बाईंना मुलीचं नाव, तुकडी, गणितात ४१ पडलेत हेसुद्धा माहीत. आठवड्यात असे तीन फोन, एक तर थेट मुलीच्या नंबरवर. शाळेत विचारायला गेल्या तर मुख्याध्यापक म्हणाले की अ‍ॅप टाकताना तुम्हीच ओके केलंय आणि तो डेटाचा कायदा अजून लागूच नाही. घरी मिस्टर म्हणतात सोडून दे, उगीच मुलीवर राग काढतील. ताईंचा प्रश्न आहे की कायदा तर २०२३ मध्येच संसदेत पास झाला ना, मग तो आहे कुठे.

ताई, मुख्याध्यापक जे म्हणाले त्यातलं अर्धं बरोबर आहे, म्हणून आधी तेच घेते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, पण त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं आणि तेव्हाही सगळी कलमं एकदम लागू केली नाहीत. डेटा संरक्षण मंडळ स्थापन करायची कलमं लगेच सुरू झाली, पण मुलांसंबंधीचं कलम ९, संमतीची कलमं, दंडाची कलमं यांना १८ महिन्यांची मुदत दिली, म्हणजे मे २०२७. तोवर शाळा किंवा अ‍ॅप कंपनीवर कलम ९ लावता येत नाही हे खरंय. पण नवीन कायदा लागू नाही म्हणजे तुमच्या मुलीची माहिती कुणीही कुणालाही द्यावी असा अर्थ होत नाही, मुख्याध्यापक इथे चुकतायत.

आत्ता तुमच्या हातात जी सगळ्यात जोरदार गोष्ट आहे ती जुन्याच आयटी कायद्यात आहे, कलम ७२ अ. सोप्या भाषेत सांगायचं तर करारानुसार सेवा देताना ज्याच्या हातात दुसऱ्याची वैयक्तिक माहिती आली, त्याने ती संमतीशिवाय किंवा कराराच्या बाहेर जाऊन, गैरमार्गाने फायदा करून घ्यायला किंवा दुसऱ्याचं नुकसान करायला तिसऱ्याला दिली तर तो गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना तक्रार घ्यावी लागते, तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी करतो. लोक मला बऱ्याचदा कलम ४३ अ बद्दल विचारतात कारण त्यात भरपाई आहे, आणि ते मे २०२७ पर्यंत जिवंतही आहे, पण ते 'संवेदनशील' माहितीपुरतं आहे, म्हणजे पासवर्ड, बँकेचा तपशील, आरोग्याची माहिती, बोटांचे ठसे वगैरे, आणि शाळेतले मार्क त्या यादीत नाहीत. म्हणून त्यात वेळ घालवू नका. ७२ अ ला अशी यादी नाही, वैयक्तिक माहिती एवढंच पुरे.

आता ते ओके दाबल्याचं. तुम्ही ओके दाबलंत ते मुलीचा होमवर्क बघायला. त्या अ‍ॅपच्या अटींमध्ये मुलांचे मार्क क्लासवाल्यांना देऊ असं लिहिलंय का हे बघायला हवं, आणि ते आजच बघा, कारण तक्रार गेली की कंपन्या अटी गुपचूप बदलतात हे मी दोन प्रकरणांत पाहिलंय. अटी आणि प्रायव्हसी पॉलिसीचं प्रत्येक पान स्क्रीनशॉट काढून तारखेसकट ठेवा, प्रिंट पण काढा. तिथे 'भागीदारांना माहिती देऊ शकतो' असं मोघम वाक्य असलं तरी घाबरू नका, त्यावर वाद घालता येतो, पण काहीच लिहिलं नसेल तर तुमची बाजू खूप भक्कम होते. कारण मग माहिती कराराबाहेर गेली हे दाखवायला दुसरं फार काही लागत नाही.

पुराव्याचं मी जरा जास्तच सांगणार आहे कारण अशा केसेस तिथेच ढासळतात. आलेल्या तिन्ही फोनचे नंबर, तारीख, वेळ आणि कॉल लॉगचा स्क्रीनशॉट ठेवा. पुन्हा फोन आला तर रागावून कट करू नका, शांतपणे विचारा की क्लासचं पूर्ण नाव काय, पत्ता काय, आणि आमचा नंबर कुठून मिळाला, बऱ्याचदा फोन करणारी मुलं सरळ सांगून टाकतात की लिस्ट आलीये. शक्य असेल तर रेकॉर्ड करा, मूळ फाईल त्याच फोनमध्ये राहू द्या, फॉरवर्ड करून मूळ उडवू नका. शाळेतल्या ज्या पालकांना असेच फोन आलेत त्यांची नावं आणि फोनच्या तारखा एका कागदावर घ्या. मार्क अ‍ॅपवर कधी पडले आणि फोन कधी आले हे ओळीने लिहिलेलं असलं की तपास अधिकाऱ्याला वेगळं समजवावं लागत नाही. ४१ हा आकडा फक्त शाळा, अ‍ॅप आणि तुम्ही एवढ्यांनाच माहीत होता, तुमचा सगळ्यात मोठा पुरावा हाच आहे.

मग एक पत्र, मुख्याध्यापक आणि संस्थेचे सचिव दोघांच्या नावे, पोच घेऊन किंवा रजिस्टर्ड पोस्टाने. त्यात फक्त चार गोष्टी विचारा: माझ्या मुलीची कोणती माहिती अ‍ॅप कंपनीकडे आहे, कंपनीशी करार काय आहे आणि त्यात माहिती तिसऱ्याला द्यायची मुभा आहे का, ती कुणाकुणाला दिली गेली, आणि दिली असेल तर परत मागवून काढून टाकायला काय केलं. १५ दिवसांत लेखी उत्तर द्या असं लिहा. आरोप करू नका, मुलीचं नाव एकदाच घ्या. असंच पत्र अ‍ॅप कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेलने, त्याचं नाव अ‍ॅपमध्येच कुठेतरी सापडतं. उत्तर नाही आलं किंवा उडवाउडवीचं आलं तर ही पत्रं जोडून सायबर पोलीस ठाण्यात ७२ अ खाली तक्रार द्या. फक्त ते क्लासचे फोन बंद करायला १९०९ वर तक्रार लगेच करता येते, ते काम मात्र आजच उरका.

दुसरा रस्ता ग्राहक आयोगाचा, आणि त्यात ते ६०० रुपये महत्त्वाचे आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथेची जी व्याख्या आहे तिच्यात ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला देणं हे सरळ लिहिलेलं आहे, फार कमी लोकांना माहीत असतं. शाळेवर ग्राहक म्हणून केस टाकली तर शिक्षण ही सेवा आहे का नाही यावरच वर्षं जातील, तो वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला आहे. म्हणून माझा सल्ला की अ‍ॅप कंपनीला पार्टी करा, तिच्या सेवेचे पैसे तुम्ही वेगळे मोजलेत आणि पावतीवर ते वेगळे दिसतात. ती पावती जपून ठेवा. एवढ्या रकमेला जिल्हा आयोगात फी नाही, वकीलही लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे. भरपाई मिळायची शक्यता आज तुमच्यासाठी इथेच सगळ्यात जास्त आहे.

आता संसदेचं, कारण तुम्ही ते मनापासून विचारलंय आणि मलाही ते बोलायचंय. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, मग न्या. श्रीकृष्ण समितीचा मसुदा २०१८ मध्ये, २०१९ मध्ये विधेयक, ते ३० खासदारांच्या संयुक्त समितीकडे गेलं, समितीने दोन वर्षं बसून डिसेंबर २०२१ मध्ये अहवाल दिला, मुलांवर त्यात वेगळा विचार होता. ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने ते अख्खं विधेयक मागे घेतलं. नवीन विधेयक ३ ऑगस्ट २०२३ ला लोकसभेत मांडलं, ७ ला तिथे पास, ९ ला राज्यसभेत, ११ ला राष्ट्रपतींची सही. विरोधक म्हणत होते समितीकडे पाठवा, पाठवलं नाही. त्याआधी आपल्या बुलढाण्याचे प्रतापराव जाधव अध्यक्ष असलेल्या स्थायी समितीचा डेटा सुरक्षेवरचा अहवाल १ ऑगस्टला सभागृहात ठेवला गेला, तर विरोधी सदस्यांचा आक्षेप होता की जे विधेयक अजून मांडलंच नाही त्यावर समिती मत कशी देते. माझं मत विचाराल तर मुलांच्या बाबतीत एवढी घाई करायला नको होती. कारण या सगळ्या प्रवासात एक गोष्ट गळून पडली. २०१९ च्या विधेयकात ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई मागता येत होती, २०२३ च्या कायद्यात ती नाही. दंड मोठा आहे, मुलांच्या बाबतीतल्या चुकीला २०० कोटींपर्यंत, पण तो जातो सरकारच्या तिजोरीत, तुमच्या मुलीला त्यातला एक रुपया नाही. आणि नवीन कायदा पूर्ण लागू झाला की ४३ अ पण जाणार. म्हणून मी पालकांना म्हणते की मे २०२७ ची वाट बघत हातावर हात धरून बसू नका.

तरी मे २०२७ नंतर काय बदलेल ते सांगते, कारण मुलगी तेव्हा नववी संपवून दहावीत जात असेल. १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाची माहिती घ्यायला पालकांची पडताळून घेतलेली संमती लागेल, मुलांवर नजर ठेवणं आणि त्यांना धरून जाहिराती करणं यावर बंदी असेल. शाळांना नियमांच्या चौथ्या परिशिष्टात सूट आहे आणि शाळा ती तुम्हाला दाखवणार हे नक्की, पण ती सूट शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती आहे, बस कुठे आली हे बघणं त्यात बसतं, क्लासला लिस्ट देणं कुठल्याच बाजूने बसत नाही. शिवाय मुलाच्या भल्याला बाधा येईल असा डेटाचा वापर करायचा नाही ही अट सूट मिळालेल्यांनाही आहे. आणि 'अ‍ॅपवाल्यांनी केलं, आम्ही नाही' हे उत्तर तेव्हा चालणार नाही, काम दुसऱ्याकडून करून घेतलं तरी जबाबदारी माहिती गोळा करवणाऱ्याचीच राहते. तुमच्याकडची आजची पत्रं तेव्हा मंडळापुढेही उपयोगी पडतील, कारण पत्र दिल्यावरही माहिती पुरवणं चालूच राहिलं तर ते चूक म्हणून खपवता येत नाही. दरम्यान खासदारांनाही लिहा, शाळांच्या या सवलतीवर आणि भरपाईवर सभागृहात प्रश्न विचारायला त्यांना कुणीतरी सांगावं लागतं.

मिस्टरांची भीती मला कळते, माझ्याकडे येणारे निम्मे पालक याच कारणाने परत जातात. त्यावर एकच उपाय आहे की एकटीने जाऊ नका. फी विनियमन कायद्यामुळे तुमच्या शाळेत पालक-शिक्षक संघ असायलाच हवा, ज्या पालकांना फोन आलेत त्यांना घेऊन तिथे विषय मांडा, पत्रावर दहा-बारा सह्या असल्या की राग एका मुलीवर निघत नाही. तरीही वर्गात काही त्रास दिला गेला तर लगेच तारीखवार लिहून ठेवा आणि शिक्षणाधिकारी व राज्य बाल हक्क संरक्षण आयोग दोघांकडे द्या.

आणि मुलीचा नंबर अ‍ॅपमधून काढून तुमचा टाका, कॉन्टॅक्ट, माइक, फोटोच्या परवानग्या बंद करा. पण त्याआधी आत्ता काय काय चालू आहे त्या पानाचा स्क्रीनशॉट काढायला विसरू नका.