सुंठ म्हणजे वाळलेलं आलंच ना? आणि चहा ‘सुंठीचा’ की ‘सुंठेचा’?

प्रश्न असा आला आहे: चहाच्या मसाल्याच्या कृतीत ‘सुंठ कुटून घ्या’ असं लिहिलंय. सुंठ म्हणजे आलंच असेल, तर सरळ ‘वाळलेलं आलं’ का म्हणत नाहीत? शिवाय त्याचा चहा ‘सुंठीचा’ म्हणायचा की ‘सुंठेचा’?

आधी व्याकरणाचं, कारण ते लवकर आटपतं. ‘सुंठ’ स्त्रीलिंगी आहे. मराठीत अकारान्त स्त्रीलिंगी शब्दांचे दोन गट पडतात. वीट-विटेचा, जीभ-जिभेचा हा एक, आणि भिंत-भिंतीचा, आग-आगीचा हा दुसरा. सुंठ दुसऱ्या गटातली. ‘सुंठीवाचून खोकला गेला’ ही म्हण कान देऊन ऐका, रूप त्यातच आहे. म्हणून सुंठीचा चहा.

आता मूळ मुद्दा. ‘वाळलेलं आलं’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे फ्रिजच्या कप्प्यात राहून सुरकुतलेला, टोकाला काळपट पडलेला तुकडा येतो. सुंठ ती नव्हे. सुंठीसाठी पीक पूर्ण तयार होऊ देतात, पक्व गड्डे काढून, साल खरवडून उन्हात कडकडीत वाळवतात. कोवळ्या आल्याची चांगली सुंठ होत नाही. म्हणजे सुंठ हा मुद्दाम केलेला वेगळा माल आहे, आणि भाषेने त्याला वेगळं नाव दिलं.

दोन्ही नावं जुनी आहेत. ‘आलं’ संस्कृत ‘आर्द्रक’वरून आलं, आर्द्र म्हणजे ओलसर. प्राकृतात ‘आर्द्र’ची ‘अल्ल’ आणि ‘ओल्ल’ अशी दोन्ही रूपं होती. पहिल्याशी आपलं ‘आलं’ जुळतं, दुसऱ्याशी ‘ओला’. उलट ‘शुण्ठी’चा संबंध जुने वैयाकरण ‘वाळणे’ या अर्थाच्या धातूशी लावतात. एकाच गड्ड्याची ही दोन नावं, एक ओलाव्यावरून आणि दुसरं कोरडेपणावरून. संस्कृतात सुंठीला ‘विश्वभेषज’ आणि ‘महौषध’ अशीही नावं आहेत, ताज्या आल्याला मात्र नाहीत. खोकल्याच्या म्हणीतही आलं नसून सुंठ आहे, ते उगाच नाही.

क्रियापदांकडेही लक्ष द्या. आलं आपण किसतो, ठेचतो, वाटतो. सुंठ फोडतो, कुटतो, चाळतो, आणि लेपासाठी सहाणेवर उगाळतो. ‘सुंठ किसून घाला’ असं कुणी लिहिलं, तर लिहिणाऱ्याने सुंठ हाताळलेली नाही असं मी खुशाल समजतो. ती लाकडासारखी टणक आणि तंतुमय असते. कुटल्यावर चाळणीत धागे उरतातच, ते काढून टाकावे लागतात.

रसायनशास्त्रही हा भेद मान्य करतं. ताज्या आल्याचा तिखटपणा मुख्यतः जिंजेरॉलचा. वाळताना त्यातला काही भाग शोगाओलमध्ये बदलतो, आणि ते जिंजेरॉलहून तिखट असतं. (‘शोगा’ हा आल्याचा जपानी शब्द, त्यावरून हे नाव पडलं.) ताज्या आल्याचा लिंबासारखा टवटवीत वास सुंठीत राहत नाही, त्याच्या जागी घशात उतरणारी ऊब येते. म्हणून किसलेल्या चमचाभर आल्याच्या जागी चमचाभर सुंठपूड घालू नका, चिमूटभर पुरे.

चहा करताना फरक आणखी कळतो. ताज्या आल्यात सुमारे ८० टक्के पाणी असतं, त्यामुळे ते साठवणीच्या मसाल्यात चालत नाही, बुरशी येते. तिथे सुंठच हवी. सोबत वेलदोडे, लवंग, दालचिनी, मिरी. ताजं आलं वापरायचं तर ते आधणातच घाला, म्हणजे उकळायला ठेवलेल्या पाण्यात, आणि नीट उकळी आल्यावरच दूध ओता. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं. ते दुधाला भेटलं की चहा फाटतो. खळखळ उकळीने ते निकामी होतं. सुंठीचा असा त्रास सहसा होत नाही. वेलदोडा मात्र शेवटी, कारण त्याचा सुवास वाफेबरोबर निघून जातो.

गुणांबद्दल बोलायचं तर मळमळीवर आल्याचा उपयोग होतो याला चांगला आधार आहे. लवंगेतल्या युजेनॉलने दातदुखीवर थोडी बधिरता येते, पण त्यासाठी लवंग दाताखाली धरावी लागते. कपभर चहात जाणाऱ्या चिमूटभर मसाल्याकडून रोग बरा होण्याची अपेक्षा ठेवू नये. घसा शेकतो, तोंडाला चव येते, आणि ते मला पुरेसं वाटतं.

तेव्हा तुमच्या कृतीतलं ‘सुंठ कुटून घ्या’ हे वाक्य शब्द आणि क्रियापद दोन्ही अंगांनी चोख आहे. घरात फक्त आलं असेल तर मसाला सुंठीविना करून ठेवा आणि आलं दर वेळी आधणात ठेचून घाला.