घरी शिकलेल्या मुलीला आयआयटी

प्रश्न : आमची मुलगी दहावीनंतर घरीच शिकते आणि शेतातल्या मातीच्या चाचण्यांची वही ठेवते. तिला आयआयटीत प्रवेश मिळू शकेल का?
– एक पालक, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : अवश्य मिळू शकेल, मात्र बारावीच्या प्रमाणपत्राविना नाही. शाळेत न जाता देता येणारी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची (एनआयओएस) बारावी ग्राह्य धरली जाते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व एक भाषा धरून किमान ५ विषय घ्यावेत, आणि प्रात्यक्षिकांचे केंद्र गावापासून किती दूर आहे, याची चौकशी आधीच करावी, कारण खेड्यातल्या मुलांची अडचण बहुधा तिथेच होते. काही परदेशी विद्यापीठांची रीत निराळी आहे; तिथे बारावीचे प्रमाणपत्र नसले तरी इतर कामगिरी पाहिली जाते. २०१६ साली मुंबईत घरी शिकलेल्या एका मुलीला संगणक ऑलिंपियाड या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील पदकांच्या बळावर अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता; तिकडे अर्ज केल्यास तुमच्या मुलीची वहीही मोलाची ठरू शकेल. आयआयटीची प्रवेश परीक्षा, जेईई अ‍ॅडव्हान्स्ड, मात्र बारावीच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी अशी लागोपाठच्या २ वर्षांत दोनदाच देता येते, म्हणून तयारी पक्की झाल्याशिवाय बारावीच्या परीक्षेची घाई करू नये.