आयोवातल्या नदीकाठच्या 'वेल ड्रेन्ड सँडी लोम' मातीचे गुणधर्म काय? तिच्यात आपल्या भाज्या येतील का?

तुम्ही लिहिलंय की मागची अर्धा एकर जागा काळीभोर आहे, मृदा नकाशावर 'डिकिन्सन फाइन सँडी लोम, स्ट्रीम टेरेस, वेल ड्रेन्ड' (डिकिन्सन नावाच्या प्रकारची बारीक वाळूमिश्रित पोयटा माती, नदीकाठच्या पायरीवरची, चांगल्या निचऱ्याची) अशी नोंद आहे आणि 'काळी जमीन आहे, पाणी धरून ठेवेल' असं सगळे सांगतायत. या एका वाक्यावरून माझं इथल्या मराठी मंडळींशी अनेकदा वाजलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ती जमीन पाणी धरून ठेवणार नाही. रंग बघून आपण फसतो. दख्खनची काळी जमीन बेसाल्टपासून झालेली. तिच्यात फुगणारी चिकणमाती बहुधा 40 ते 60 टक्के, आणि सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी टक्क्याच्या आत. प्रेअरीतल्या, म्हणजे इथल्या जुन्या गवताळ माळरानातल्या, तुमच्या मातीत चिकणमाती 10 ते 18 टक्के, निम्म्याहून जास्त वाळू, आणि काळेपणा आलाय तो हजारो वर्षं कुजत गेलेल्या उंच गवतांच्या मुळांमुळे. रंग तोच, पण पाण्याचं वागणं अगदी उलटं. पटत नसेल तर मूठभर माती ओली करून अंगठा आणि तर्जनीमधून पट्टी काढा. आपल्याकडची भारी माती 5 सेंमीहून लांब, चकचकीत पट्टी देते. ही अडीच सेंमीच्या आत तुटेल आणि बोटांना खरखर लागेल. उन्हाळ्यात भेगाही पडत नाहीत.

टेरेस म्हणजे नदीच्या जुन्या पूरमैदानाची वर राहिलेली पायरी. हिमयुग ओसरताना बर्फाच्या पाण्याने वाळू आणि गोटे आणून टाकले, पुढे नदीने पात्र खोल केलं आणि ती पातळी वरच राहिली. काही ठिकाणी वाऱ्याने बारीक वाळूचा थर त्यावर चढवला. म्हणून वर पोयटा, खाली वाळू आणि कुठे कुठे त्याखाली खडी, अशी रचना सापडते. 'वेल ड्रेन्ड'चा अर्थ एवढाच की वरच्या साधारण एक मीटरमध्ये पाणी साचून राहत नाही, त्यामुळे राखाडी किंवा गंजासारखे डाग दिसत नाहीत. कसाबद्दल तो शेरा काहीही सांगत नाही.

आता हिशेब. अशा मातीत पिकाला मिळणारं पाणी दर मीटर खोलीला 100 ते 140 मिमी, 120 धरू. शेजारच्या माळावरच्या सिल्ट लोममध्ये (बारीक गाळाच्या पोयट्यात) ते 200 च्या आसपास असतं. टोमॅटोची मुळं 60 सेंमी धरली तर साठा 72 मिमी. त्यातला निम्मा संपला की पाणी द्यायचं, म्हणजे हाताशी 36 मिमी. जुलैच्या कडक उन्हात रोज 6 मिमी जातात, तेव्हा पाळी सहाव्या दिवशी. मेथी-कोथिंबिरीची मुळं 30 सेंमीतच, त्यांना तिसऱ्या दिवशी 18 मिमी; 10 चौरस मीटरच्या वाफ्याला 180 लिटर. आठवड्यातून एकदा पाइप सोडून वाफा तुडुंब भरायची आपली सवय इथे निरुपयोगी आहे. जास्तीचं पाणी मुळांखाली जातं आणि जाताना नत्र घेऊन जातं.

नत्राचीच एक गोष्ट सांगतो. ओळखीच्या एका गृहस्थांनी मे महिन्यात गोड मक्याला सगळा युरिया पेरणीबरोबर दिला. जूनमध्ये आठवडाभरात मोठा पाऊस झाला आणि मका खालच्या पानांपासून, पानाच्या टोकाकडून मध्यशिरेवरून आत पिवळा पडत गेला. गृहस्थ म्हणाले, पाणी तुंबलं. या मातीत पाणी तुंबेल कसं? युरियाचं पुरेशा उबेत दोन-तीन आठवड्यांत बरंचसं नायट्रेट होतं, आणि नायट्रेटला मातीचे कण धरून ठेवत नाहीत. माती आधीच ओली असेल तर मुरलेलं दर 25 मिमी पाणी त्याला या पोतात साधारण 15 सेंमी खाली ढकलतं. 75 मिमी मुरलं की 45 सेंमी, कोवळ्या मक्याच्या आवाक्याबाहेर. 'इतक्या काळ्या मातीत नत्र कसं कमी पडेल?' हा त्यांचा प्रश्न अजून मिटलेला नाही. सेंद्रिय पदार्थ 1 ते 3 टक्के असतात, त्यातून नत्र सुटतं हे खरं, पण सावकाश. 10 चौरस मीटर मक्याला 300 ग्रॅम युरिया लागणार असेल तर तो तीन वेळा 100-100 ग्रॅम द्या: पेरणीला, गुडघाभर झाल्यावर, तुरा यायच्या आधी. मातीआड करा किंवा लगेच 10-12 मिमी पाणी द्या, नाहीतर अमोनिया उडून जातो. पालाश, गंधक आणि बोरॉनही या मातीत पाण्याबरोबर खाली वाहून जातात.

सामूबाबतही (pH) उलटंच आहे. आपल्याकडे 8 च्या पुढे, चुनखडीने पानं पिवळी. इथे वरचा थर बहुधा 5.5 ते 6.5, म्हणून चुना घालावा लागू शकतो. परीक्षणाशिवाय नको, आणि घातलाच तर 10 चौरस मीटरला एका वेळी अडीच किलोच्या वर नको.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खडी किती खोल आहे ते बघा. ऑगरने (माती काढायच्या हाती गिरमिटाने) तीन-चार ठिकाणी मीटरभर भोकं पाडा (आधी 811 ला फोन करून गॅस-विजेच्या लाइन आखून घ्या). पोयटा 40 सेंमीतच संपला तर वरचा 72 मिमीचा हिशेब 48 वर येतो, कारण कोरड्या खडीत मुळं फारशी शिरत नाहीत. गंमत म्हणजे वरचा पोयटा जवळजवळ पूर्ण भिजेपर्यंत पाणीही खडीत उतरत नाही. बारीक छिद्रं ते ओढून धरतात. म्हणूनच उंच वाफ्याच्या तळाशी 'निचऱ्यासाठी' गोटे भरणं हा शुद्ध वेडेपणा आहे. त्याने मुळांची जागा कमी होते आणि ओला थर वर सरकतो.

भाज्या येतील. मुळा, गाजर, बटाटा, रताळी उत्तम. गवार, भेंडी, काकडीही. मिसिसिपीकाठच्या मस्कटीनची टरबुजं-खरबुजं अशाच वालुकामय जमिनीवर नाव कमावून आहेत. कोबी-फ्लॉवर ठिबक आणि आच्छादन असेल तरच. वसंतात ही माती लवकर तापते, पावसानंतर वाफसा दिवसा-दोन दिवसांत येतो, त्यामुळे पेरा शेजाऱ्यांच्या आधी होतो. पण दरवर्षी त्याच खोलीवर टिलर फिरवू नका. सँडी लोममध्ये 15-20 सेंमीवर दाबलेल्या मातीचा कडक थर फार लवकर बनतो. सप्टेंबरात राय (गव्हासारखं एक धान्य) जमीन झाकायला पेरून ठेवा, उघडी राहिली तर वारा वरचा काळा थरच नेतो.

नकाशावर एवढ्याशा तुकड्याचा भरवसा धरू नका, शिवाय घर बांधताना वरची माती खरवडून नेलेली असू शकते. आणि पिण्याचं पाणी स्वतःच्या उथळ बोअरचं असेल तर नायट्रेट तपासून घ्या. मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम नायट्रेट-नत्र. सेप्टिकचं शोषक्षेत्र जवळ असेल तर आणखीच, कारण ही माती पाणी झटकन घेते पण गाळत कमी.