रान विकून आलेले दहा लाख: लोन फेडू की एसआयपी करू?

होम लोन लवकर फेडून टाकायचं की तेच पैसे एसआयपीत, म्हणजे दरमहा थोडे थोडे म्युच्युअल फंडात, घालायचे, हा प्रश्न हल्ली माझ्याकडं सारखा येतोय. बोनस झाला, पीएफ हातात आला, गावाकडचं रान विकलं, की आलेच. आणि गंमत म्हणजे बहुतेक जण उत्तर ठरवूनच येतात, माझ्या तोंडून ते फक्त बायकोला नाहीतर वडिलांना ऐकवायचं असतंय. मी बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षं काढली, आता कोल्हापुरात राजारामपुरीत बसून लोकांच्या घरच्या पैशाचे गुंते सोडवते, फंड किंवा पॉलिसी विकत नाही, हे आधीच सांगून टाकते. खालच्या जोडप्याचे काही तपशील बदललेत, ओळखू येऊ नयेत म्हणून.

तो गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला, हातात ७८ हजार पगार. ती घरीच ट्युशन घेते. कळंब्यात टू बीएचके, २०१८ साली ३० लाखाचं लोन, २० वर्षांसाठी. कागलकडचं रान भावाभावांत विकलं आणि याच्या वाटणीला दहा लाख आले. वडील म्हणायले, "रान गेलं ते गेलं, आता निदान घर तरी मोकळं कर." आणि ह्याला कंपनीतल्या मित्रानं मोबाईलवर कॅल्क्युलेटर दाखवलेला, साडेआठ टक्क्यानं लोन आणि बारा टक्क्यानं फंड, म्हणजे फेडणारा येडाच. त्यावर वडिलांचा सवाल, "रान इकून शेअरबाजारात घालणार व्हय?" झालं, दोन महिने घरात धुसफूस.

मी त्याला म्हटलं, बारा टक्के राहू दे, आधी लोनचं स्टेटमेंट काढ. मोबाईलवरच काढलं. व्याजदर ९.१, शिल्लक २४ लाख, हप्ता २६,२०० आणि उरलेले हप्ते १५७. मी त्या १५७ वर बोट ठेवलं. २०१८ पासून आठ वर्षं भरलेत तर १४४ उरायला पाहिजेत, हे वरचे तेरा कुठनं आले? त्याला पत्ताच नव्हता. २०२२-२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो (ती बँकांना ज्या दरानं पैसे देते तो) ४ वरनं ६.५० टक्क्यावर नेला तेव्हा बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली, आणि हप्ता बदलला नाही म्हणून लोकांच्या ध्यानातच आलं नाही. पुढं २०२५ च्या एका वर्षात रेपो सव्वा टक्क्यानं उतरून ५.२५ वर आला, पण ह्याचं लोन जुन्या एमसीएलआर पद्धतीतलं, म्हणजे बँक स्वतःच्या खर्चावरनं दर ठरवते ती, तिथं दर चढताना पटापट चढतो आणि उतरताना लई रेंगाळतो. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवीन फ्लोटिंग (बदलत्या दराची) होम लोन रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात, जुन्या गिऱ्हाइकाला त्यात बदलून घेता येतं, थोडी प्रोसेसिंग फी जाते इतकंच. पण बँक स्वतःहून फोन करून सांगणार नाही बघा!

शाखेत अर्ज दिला, दर ८ वर आला. हप्ता २६,२०० च ठेवला तर उरलेले हप्ते १५७ चे १४२ झाले. पंधरा हप्ते म्हणजे जवळपास ३ लाख ९३ हजार, आणि रानाच्या पैशातला एक रुपयाही अजून हलवला नव्हता. (आधी दर बघा आणि मग भांडा, असं मी प्रत्येकाला सांगते, कोण ऐकत नाही.)

त्याचा दुसरा मुद्दा होता टॅक्सचा. लोन ठेवलं की टॅक्स वाचतोय ना मॅडम, मग कशाला फेडायचं. अरे बाबा, तू नवीन टॅक्स पद्धतीत आहेस. तिथं राहत्या घराच्या व्याजाची दोन लाखाची सूट मिळतच नाही, ती जुन्या पद्धतीत. आणि तुझ्या पगारावर नव्या पद्धतीत तसाही टॅक्स शून्य बसतोय, मग वाचवणार काय? एवढ्यावर तो मुद्दा संपला.

आता फेडण्याचा हिशोब. फ्लोटिंग दराच्या होम लोनवर मुदतीआधी पैसे भरले म्हणून बँक दंड लावू शकत नाही, हा नियम २०१२ पासूनचा आहे, तरी लोक अजून भीत भीत विचारतात. चार लाख भरले आणि हप्ता तोच ठेवला तर १४२ चे १०७ हप्ते होतात, चार लाखाच्या वर साधारण ५ लाख १७ हजार व्याज वाचतंय. तेच चार लाख भरून मुदत तीच ठेवली आणि हप्ता कमी करून घेतला तर वाचतात सव्वादोन लाखाच्या आसपास. म्हणून फॉर्मवर 'मुदत कमी करा' हे स्पष्ट लिहून सही करायची, आणि पंधरा दिवसांनी स्टेटमेंट काढून बघायचं, झालंय का ते.

म्हणजे लोन फेडणं हा ८ टक्क्याचा पक्का परतावा आहे, वर त्यावर टॅक्स नाही. साडेसहाच्या एफडीत पैसा ठेवून ८ चं लोन चालू ठेवणं ह्याला काही अर्थ नाही. शेअरच्या फंडात लांब पल्ल्याला ८ च्या वर मिळू शकतंय, त्याचा मित्र खोटं बोलत नव्हता, पण मिळेलच असं कोण लिहून देत नाही, आणि मिळालं तरी वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के टॅक्स जातो. खरी अडचण वेगळीच असते, बाजार पडला की तू काय करशील ही. ती माणसाला विचारून कळत नाही, सगळे छाती पुढं काढून सांगतात आम्ही थांबणार म्हणून. मी फंडाचं जुनं स्टेटमेंट मागते.

ह्याचं होतं. २०१७ पासून दरमहा पाच हजार, १ लाख ८० हजार भरलेले, आणि मे २०२० मध्ये सगळं काढलेलं, हातात आले १ लाख ३८ हजार. मार्च २०२० मध्ये शेअरबाजाराचा निर्देशांक निफ्टी बारा हजारावरनं साडेसात हजारापर्यंत आलेला, वर्षभरात परत चौदा हजाराच्या वर गेला. तो खाली मान घालून म्हणाला, "भ्यालो मॅडम." तोपर्यंत बायको गप्पच होती, ती एकदम म्हणाली,

"भ्याले नव्हते ओ. फाउंड्री बंद होती, पगार निम्मा आलेला, माझ्या ट्युशन बंद. हप्ता लांबवायची सवलत घेतली तर व्याज चढतंय म्हणून ती पण घेतली नाही. मग हप्ता कशातनं भरायचा? तेच मोडलं."

मग मी तिलाच विचारलं, तुम्हाला काय वाटतंय ह्या दहा लाखाचं काय करावं? म्हणाली, "मला दोन्ही नको. मला घरात पैसा दिसायला पाहिजे." तिचं माहेर शाहूपुरीतलं, २०१९ च्या महापुरात भावाच्या दुकानात पाणी शिरलं, २०२१ ला परत, आणि दोन्ही वेळेला ह्यांच्याकडनं उसने न्यायला आलेल्या भावाला द्यायला ह्यांच्याकडं काही नव्हतं. दोन महिने वडील आणि नवरा भांडत होते आणि हिला कुणी विचारलंच नव्हतं.

माझं मत तिच्या बाजूनं. लोनमध्ये घातलेला पैसा परत मागता येत नाही (ओव्हरड्राफ्टवाल्या होम लोनमध्ये येतो, त्याचा दर थोडा जास्त असतो, धंदेवाल्यांना बरं पडतं), आणि फंडातला पैसा काढता येतो पण नेमका नको त्या वेळेला काढावा लागतो. ह्यांच्या दोघांच्या भांडणात कोणीही जिंकलं असतं तरी पुढच्या अडचणीला परत २०२० च झालं असतं. म्हणून आधी सहा महिन्यांचा हप्ता आणि घरखर्च, महिन्याला ५४ हजार धरून सव्वातीन लाख, बाजूला. ती म्हणाली गल्लीतल्या पतसंस्थेत ठेवू, व्याज बरं देतात. नको म्हटलं. बँकेतल्या ठेवीला पाच लाखापर्यंत विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला तो नसतो, आणि हा पैसा व्याजासाठी नाहीच. एक लाख सेव्हिंगला, बाकीच्याच्या छोट्या छोट्या तीन एफडी, म्हणजे मोडायची वेळ आली तर एकच मोडायची.

चार लाख लोनला. वडिलांना फोनवर १४२ चे १०७ झाल्याचं सांगितलं तर म्हणाले, "सगळंच का नाही भरलं?" पण आवाज जरा उतरलेला होता म्हणे.

टर्म इन्शुरन्स (माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा) नव्हता, पाच लाखाची एक जुनी पॉलिसी तेवढी, आणि डोक्यावर २४ लाखाचं लोन. हे ऐकून मीच जरा तापले. तो पगारातनं घ्यायला लावला, ह्यात चर्चेला काही नाही.

मुलगी नऊ वर्षांची, ऑक्टोबरात दहा पूर्ण होणार. सुकन्या समृद्धी खातं दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आतच उघडता येतं, हे त्यांना माहीत नव्हतं. ८.२ टक्के, टॅक्स नाही, वर्षाला दीड लाखापर्यंत, आणि अठरा झाल्यावर शिक्षणासाठी निम्मे काढता येतात. लोनच्या दरापेक्षा थोडं वरच. पोस्टात जाऊन दीड लाख भरून आले.

राहिले सव्वा लाख. ते त्यानं इंडेक्स फंडात (निफ्टीसारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या) घालावेत असं मी म्हटलं, एकदम नको, महिन्याला दहा हजार. त्याला स्मॉल कॅप (छोट्या कंपन्यांचा फंड) पाहिजे, परत तोच मित्र. तिला हुपरीची चांदी पाहिजे. त्यावर अजून एकमत नाही, सध्या पैसे सेव्हिंगलाच पडून आहेत आणि मला त्यात काही वाईट वाटत नाही.