आयटी सर्व्हिस मॅनेजमेंटमध्ये गव्हर्नन्सचं नेमकं काम काय?

तक्रारी नोंदवायला तिकीट सिस्टीम आहे, एसएलए (सेवा किती वेळात, कशी द्यायची याचे करार) आहेत, मॅनेजर आहेत, मग वर गव्हर्नन्स कशाला, असं तुम्ही विचारलंय. मॅनेजमेंट सेवा चालवतं. ती कुठल्या मर्यादेत चालवायची आणि जबाबदार कोण, हे गव्हर्नन्स ठरवतं. आयटी सेवा कशा चालवाव्यात हे सांगणाऱ्या २०१९ च्या आयटीआयएल ४ या मार्गदर्शक चौकटीत त्याची तीनच कामं आहेत: मूल्यमापन, दिशा देणं आणि देखरेख.

बीकेसीतली एखादी बँक घ्या. शुक्रवारची संध्याकाळ, पगाराची तारीख तोंडावर आणि पेमेंट सर्व्हरवर सिक्युरिटी पॅच टाकायचाय. व्हेंडर म्हणतो आजच, बिझनेसवाले म्हणतात पगार होऊ द्या. चेंज मॅनेजर, म्हणजे सिस्टीममधले बदल सांभाळणारा, रोलबॅक प्लॅन (बदल फसला तर मागे कसं यायचं) तपासेल, डाउनटाइमची वेळ ठरवेल. पण किती जोखीम चालेल, इमर्जन्सी चेंजवर, म्हणजे तातडीच्या बदलावर, सही कोणाची, हे त्याच संध्याकाळी ठरवायला बसलात तर ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं होतं. ते आधीच लिहून ठेवलेलं हवं.

बँकांना हे ऐच्छिक नाही. रिझर्व्ह बँकेचे आयटी गव्हर्नन्सचे निर्देश १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. त्यात संचालक मंडळाच्या पातळीवर आयटी स्ट्रॅटेजी कमिटी आणि तिची तिमाहीत किमान एक बैठक बंधनकारक केली.

अर्थात कमिटी नेमली म्हणजे गव्हर्नन्स आलं असं नाही. सगळं ठीक दाखवणारे हिरवेगार डॅशबोर्ड बघून चहा-बिस्किटांवर उठणाऱ्या बैठका पैशाला पासरी मिळतात. तीच इन्सिडेंट (सेवेतला बिघाड) पुन्हा पुन्हा का येते, हे तिथे कुणी विचारतं का ते बघा.