केबल जाड आहे ना, मग एकच का नको?

प्रश्न : आमची २२ मजली बिल्डिंग आहे, उंची ७० मीटरच्या आसपास. गच्चीवर विजेपासून बचावाचे दांडे बसवतोय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो ७० चौरस मिमीची तांब्याची एकच केबल पुरे, इलेक्ट्रिकच्या डक्टमधून खाली आणू म्हणजे बाहेरून भिंत खराब दिसणार नाही, आणि उरलेली केबल खाली गुंडाळून ठेवू, पुढेमागे कामाला येईल. चालेल का?

उत्तर : जाडीचं म्हणाल तर काही अडचण नाही, विजेपासून बचावाच्या आयईसी ६२३०५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ५० चौरस मिमी तांबं चालतं, तुमचं तर ७० आहे. पण बाकी तीनही गोष्टी चुकल्यात, आणि त्यातली ती गुंडाळी तर आधी काढायला लावा.

कसंय, घरच्या वायरिंगच्या सवयीनं आपण फक्त रेझिस्टन्सचा विचार करतो, वायर जाड म्हणजे काम झालं. आकाशातली वीज मायक्रोसेकंदांत हजारो अँपिअरवर जाते, तिथे खरा अडसर इंडक्टन्सचा, म्हणजे करंट झपाट्यानं बदलताना वायर जो विरोध करते त्याचा असतो, सरळ वायरलाही मीटरमागे साधारण १ मायक्रोहेन्री धरा, आणि करंट दर मायक्रोसेकंदाला १०० किलोअँपिअरनं चढला तर एकेका मीटरवर १०० किलोव्होल्ट उभे राहतात. गुंडाळी केली की हे आणखी वाढतं, मग वीज वेटोळे मोजत कशाला बसेल, बाजूचा पाइप नाहीतर वायर दिसली की तिकडे उडी मारते. म्हणून केबल सरळ आणि जवळच्या वाटेनं जमिनीत न्यायची, जास्तीची कापून टाकायची.

डक्टमधे तर नकोच. तिथे लिफ्टच्या, कॅमेऱ्याच्या, इंटरनेटच्या वायरी शेजारीशेजारी जातात, एका कडकडाटात सगळ्यांत व्होल्टेज चढेल.

आता केबलची संख्या. कमीत कमी दोन, पण तुमच्याकडे जास्तच लागतील, कारण बिल्डिंगच्या घेराभोवती दोन डाऊन कंडक्टरमधलं, म्हणजे वीज खाली नेणाऱ्या केबलमधलं, अंतर संरक्षणाच्या क्लासवर ठरतं (क्लास १ सगळ्यांत कडक), क्लास १ आणि २ ला १० मीटर, ३ ला १५, ४ ला २० धरतात. समजा घेर १०० मीटर आणि क्लास ३, तर सात आले. करंट वाटला जातो आणि आतल्या वायरिंगवरचा परिणामही कमी होतो. कोपरे आधी धरा, दारंखिडक्या आणि लोक पावसात उभे राहतात तो पोर्च टाळा.

भिंतीवर पट्ट्या नको असतील तर कॉलममधल्या सळयाही डाऊन कंडक्टर म्हणून चालतात, फक्त वरपासून खालपर्यंत जोड सलग हवेत. बिल्डिंग उभी आहे त्यामुळे मोजूनच बघावं लागेल, गच्ची ते जमीन ०.२ ओहमच्या आत आलं तर ठीक, नाहीतर बाहेरूनच.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण सांगतो, ६० मीटरच्या वर वीज बाजूनंही पडते, तेव्हा त्या वरच्या भागातले कोपरे आणि बाल्कन्याही बघा.

खाली प्रत्येक उतरत्या केबलला टेस्ट जॉइंट, म्हणजे मोजणीसाठी उघडता येणारा जोड ठेवा, या केबलचं अर्थिंग शक्यतो १० ओहमच्या खाली आणा, आणि ते बिल्डिंगच्या अर्थिंगला जोडा. दोन्ही वेगळी ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, मधल्या व्होल्टेजच्या फरकावरच ठिणगी उडते. मेन पॅनलला सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे अचानक चढलेलं व्होल्टेज अडवणारं उपकरण आहे का तेही कॉन्ट्रॅक्टरला विचारा, कोटेशनमधे बहुतेक नसेल.